सहा वर्षांच्या मुलाचा घशातून सततचा 'हुं-हुं' आवाज: टोकायचं की सोडून द्यायचं?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. इथे एरवी नुसतं वाचते, लिहितेय पहिल्यांदाच. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मुलगा साडेसहा वर्षांचा, पहिलीत. आम्ही सांगलीत, सासू-सासऱ्यांसोबत एकत्र राहतो. गेल्या दिवाळीच्या सुमारास तो डोळे जोरजोरात मिचकावायला लागला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं, नंबर नाही, ड्रॉप्स दिले. ते थांबलं आणि थंडीत सर्दीचं निमित्त होऊन घसा खाकरणं सुरू झालं. सर्दी गेली, खाकरणं राहिलं. सिरपं झाली, ॲलर्जीच्या गोळ्या झाल्या, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी ॲडिनॉइड्स बघितले. सगळं नॉर्मल. मे महिन्यात माझ्या माहेरी गेलो आणि आपोआप बंद. सुटलो म्हणेपर्यंत जूनमध्ये शाळा उघडली आणि आता नवीनच चालू आहे: तोंड मिटून घशातून 'हुं', कधी एकदाच, कधी ओळीने पाच-सहा वेळा. मध्येच जिभेने पाल चुकचुकावी तसा आवाज. सासूबाई तो आवाज ऐकला की सवयीने बोटाने टिकटिक करून 'कृष्ण कृष्ण' म्हणतात. मुद्दाम नाही हं, आयुष्यभराची सवय. पण मग हा खुदकन हसतो आणि पुन्हा करतो. आता ते मुद्दाम की आपोआप, मला खरंच कळत नाही.

झोपेत अगदी शांत. चित्र रंगवताना जवळजवळ नाहीच. टीव्हीवर मॅच लागली, कुणी पाहुणे आले, किंवा दमून शाळेतून आला की सगळ्यात जास्त.

बालरोगतज्ज्ञ म्हणाले, "टिक्स आहेत, म्हणजे आपोआप पुन्हापुन्हा येणाऱ्या हालचाली आणि आवाज. लक्ष देऊ नका, जातील," आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. लक्ष देऊ नका म्हणजे नक्की काय करायचं? रात्री जेवायला आम्ही चार मोठी माणसं बसतो आणि हे दर मिनिटाला चालू असतं. सासरे ताटावरून उठून आतल्या खोलीत जाऊन जेवतात. ह्यांचं म्हणणं, तो मुद्दाम करतो, कारण 'थांब' म्हटलं की थांबतो ना! सासूबाईंनी दोनदा दृष्ट काढली, वेखंड उगाळून मधातून चाटवला. शाळेच्या डायरीत शेरा आलाय, "वर्गात मुद्दाम आवाज काढतो, पालकांनी समज द्यावी", आणि त्याला शेवटच्या बाकावर हलवलंय. समज देऊ गेले तर म्हणाला, "आई, मी नाही करत, घसा करतो."

कुणाच्या घरात असं झालंय का? टोकायचं की नाही? शाळेत काय सांगायचं? औषध लागतं का?

स्पष्टवक्ता

मोबाइल आणि टीव्ही बंद करा, आठ दिवसांत फरक दिसेल. हल्ली प्रत्येक सवयीला इंग्रजी नाव मिळतं. आमच्या वेळी असलं काही नव्हतं, एक धपाटा मिळाला की घसा साफ!

झेडपीच्या बाई

स्पष्टवक्ता, तुमच्या वेळीही होतं. माझ्या प्राथमिक शाळेत 'खोकल्या' नावाचा मुलगा होता. त्याचं खरं नाव आमच्या वर्गातल्या कुणालाच आज सांगता येणार नाही. धपाटे त्याने पोटभर खाल्ले, आवाज सातवीपर्यंत तसाच होता.

कृष्णाकाठची, मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि माझ्या मुलाला पहिलीपासून टिक्स आहेत. आता तो अकरावीत आहे. म्हणजे आई म्हणूनही बोलू शकते आणि डायरीत शेरे लिहिणाऱ्या जमातीतली म्हणूनही.

आधी तुमच्या यजमानांचा मुद्दा घेते, कारण घरातली सगळी भांडणं तिथूनच निघतात. 'थांब म्हटलं की थांबतो' हे अगदी खरं आहे, आणि टिक्स असेच असतात. आवाज यायच्या आधी घशात काहीतरी दाटल्यासारखं, खवखवल्यासारखं होतं. आवाज काढला की क्षणभर बरं वाटतं, मग पुन्हा दाटतं. मोठ्या मुलांना हे नीट सांगता येतं. सहा वर्षांच्याला नाही येत, तरी तुमच्या पोराने 'घसा करतो' असं सांगितलंच की! दाबून धरता येतं, पण थोडाच वेळ, आणि तेवढ्या वेळात दुसऱ्या कशात डोकं चालत नाही. माझ्या सासऱ्यांचंही तुमच्या ह्यांच्यासारखंच होतं. मी त्यांना समोर बसवलं आणि म्हटलं, पापणी लवू न देता सतराचा पाढा म्हणा. जुन्या काळचे तलाठी, पावकी-निमकी तोंडपाठ असलेला माणूस. सतरा पंचे पंच्याऐंशीला अडकले आणि डोळ्यांतून पाणी. म्हणाले, "अगं, डोळ्यांकडे बघू का पाढ्याकडे?" त्यानंतर त्यांनी नातवाला त्यावरून कधी हटकलं नाही. यजमानांना हा प्रयोग करायला लावा, वाद घालू नका.

आता 'लक्ष देऊ नका' म्हणजे काय. डॉक्टर एवढं बोलून मोकळे होतात आणि आपण मुलाकडेच बघायचं टाळतो, ते तर आणखी वाईट. लक्ष द्यायचं नाही ते आवाजाकडे. आवाज आला की कुणी मान वर करायची नाही, 'पाणी देऊ का' विचारायचं नाही, कपाळाला आठी नाही, हसू नाही, आणि ताट घेऊन आत जाणं तर अजिबात नाही. तो काय सांगत होता, वर्गात कोण पडलं, डब्यात काय होतं, ते बोलणं आवाजासकट पुढे चालू ठेवायचं. प्रेमानेही चूक होते बरं का. आमच्याकडे आजोबा प्रत्येक खाकरण्याला खडीसाखर द्यायचे. घसा बिचारा खाकरतच राहिला! टिक्सबद्दल बोललं तरी ते वाढतात, हे मी घरी कितीतरी वेळा पाहिलंय. आणि उलट बाजूही सांभाळा: आवाज येतोय म्हणून गृहपाठातून सुटका, असंही नको.

सासूबाईंच्या 'कृष्ण कृष्ण'बद्दल: त्यांना बंदी घालू नका, कारण सांगा. 'तुमच्या टिकटिकीने त्याला आणखी येतं' एवढं कळलं तर आजी पदर तोंडात धरतील, पण नातवासाठी गप्प बसतील. दृष्ट काढायची तर खुशाल काढू देत, मीठ-मोहऱ्यांनी कुणाचं वाईट होत नाही. फक्त तो झोपल्यावर. चौघांत समोर बसवून काढली की पोराच्या मनात बसतं, माझ्यात काहीतरी शिरलंय. वेखंड मात्र बंद करा. पोटात द्यायची ती वस्तू नाही आणि दुखणं घशात नाहीच.

शाळा. डायरीत उत्तर लिहू नका. लेखी शेऱ्याला लेखी उत्तर गेलं की आम्ही शिक्षक चिलखत घालतो. पालकसभेतही नको, चाळीस पालकांसमोर कुठल्या बाई मान्य करतील? शाळा सुटल्यावर दहा मिनिटं मागून घ्या. डॉक्टरांकडून दोन ओळींची चिठ्ठी आणा: याला टिक्स आहेत, आवाज अनैच्छिक आहे, शिक्षा करू नये. आणि बाईंना सांगा, "तुम्ही जास्तीचं काही करायचं नाहीये, उलट एक गोष्ट कमी करायची आहे." कमी काम मागणारे पालक आमच्या वाट्याला क्वचित येतात, लगेच ऐकून घेतलं जातं.

बाक: शेवटचा नको, कारण आवाज आला की अख्खा वर्ग मागे वळतो. पहिलाही नको, सगळ्यांचे डोळे पाठीवर. मधल्या ओळीत, भिंतीच्या कडेला किंवा दाराजवळ. मधूनच खडू आणायला, हजेरी ऑफिसात द्यायला पाठवायचं, म्हणजे व्हरांड्यात जाऊन मनसोक्त 'हुं' करून परत येता येतं आणि कुणाला कळतही नाही.

माझ्या मुलाला सगळ्यात जड जायचा तो परिपाठ. प्रार्थना, प्रतिज्ञा, समूहगीत यात आवाज खपून जातो. पण मौन! दीडशे मुलं डोळे मिटून उभी आणि पत्र्याच्या शेडखाली याचा 'हुं'. एकाने फिसकन हसायचं, मग ओळच्या ओळ हलायची. त्याच्या वर्गशिक्षकांनी काय केलं, तर मौनाची वेळ बघायचं काम त्यालाच दिलं. हातात घड्याळ, दुसऱ्या हातात घंटा, डोळे उघडे, काटा बारावर आला की टोल द्यायचा. काट्याकडे बघण्यात तो इतका गुंतायचा की बरेचदा आवाज यायचाच नाही. आला तरी 'घंटेवाला' म्हणून त्याचा मान असल्यामुळे कुणी हसत नसे. हे त्या सरांनी कुठल्या प्रशिक्षणात शिकलं नव्हतं. प्रशिक्षणात आम्हाला काय शिकवतात, तो वेगळा धागा काढावा लागेल.

आमचा पुढचा प्रवास: आवाज बदलत गेले. 'हुं' गेला, नाक ओढणं आलं, मग मान झटकणं, पाचवी-सहावीत सगळ्यात जास्त, आठवीनंतर उतरत गेलं. आता परीक्षा जवळ आली की नाक ओढतो, एवढंच. पाचवीत असताना पुण्यातल्या एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे सुरुवातीला जाऊन आणि नंतर व्हिडिओ कॉलवर शिकलो. घशात दाटायला लागलं हे ओळखायचं, ओठ मिटायचे, नाकाने हळू श्वास आत, हळू बाहेर, ती भावना ओसरेपर्यंत. ऐकायला सोपं, करायला चिकाटी लागते. मी आणि तो रात्री गच्चीत बसून सराव करायचो. तुमच्या मुलाला सहाव्या वर्षी हे लगेच जमेल असं नाही, त्याने आत्ता शिकावं अशी घाईही नको. आत्ता शिकायचंय ते घरातल्या मोठ्यांनी.

ओंजळ

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मुलांसोबत काम करते. बाईंनी इतकं नेमकं लिहिलंय की मी फक्त डॉक्टरांच्या खोलीतलं थोडं जोडते.

वर्णनावरून टिक्सच वाटतात: आधी डोळे, मग घसा, येणं-जाणं, झोपेत नाही, रमला की कमी, दमला किंवा उत्तेजित झाला की जास्त. सर्दीनंतर सुरू होऊन घशाच्या डॉक्टरांकडे फेऱ्या होणं हा तर नेहमीचा रस्ता. टिक्स बहुधा ४ ते ६ वर्षांच्या दरम्यान सुरू होतात, १० ते १२ वर्षांच्या आसपास जोर धरतात आणि पौगंडावस्थेत बहुतेकांचे कमी होतात. मुलग्यांमध्ये मुलींपेक्षा जास्त दिसतात. वर्षाच्या आत थांबले तर तात्पुरते. वर्षाहून जास्त काळ टिकले आणि त्यात हालचालींचे एकाहून अधिक व आवाजाचा किमान एक असे असले, तर त्याला टुरेट म्हणतात. पॅरिसच्या जॉर्ज जिल द ला टुरेट यांनी १८८५ मध्ये नऊ रुग्णांचं वर्णन केलं, त्यांचं नाव पडलं. नाव ऐकून घाबरू नका. शिव्या बाहेर पडणं जे लोक चेष्टेत सांगतात, ते टुरेट असलेल्यांपैकीही साधारण १० ते १५ टक्क्यांतच दिसतं.

बाईंनी सांगितलेली श्वासाची पद्धत ज्या उपचारात येते, त्याला सीबिट (CBIT) म्हणतात, म्हणजे टिक्ससाठीचा, औषधाविना सवयींवर काम करणारा उपचार. २०१० मध्ये अमेरिकेत ९ ते १७ वयाच्या १२६ मुलांवर त्याचा मोठा अभ्यास झाला. सीबिट घेतलेल्यांपैकी निम्म्याहून थोड्या जास्त मुलांत ठळक सुधारणा दिसली. ज्यांना फक्त माहिती आणि आधार दिला त्यांच्यात पाचातल्या एकापेक्षाही कमी. लहानांसाठी त्यातला घरच्यांचा भागच मोठा असतो, म्हणजे आवाजानंतर आजूबाजूचे काय करतात तो. खडीसाखर हे उदाहरण मी यापुढे पालकांना सांगणार आहे, बाई, परवानगी गृहीत धरते.

औषध: टिक्समुळे मुलाला दुखत नसेल, झोप-अभ्यास-मैत्री बिघडत नसेल, तर वाट बघणं हाही योग्य उपचार आहे. गरज पडली तर क्लोनिडिनसारखी औषधं देतात, त्याने सुस्ती येऊ शकते; ॲरिपिप्राझोलने भूक आणि वजन वाढू शकतं. म्हणून, 'घरच्यांना आवाजाचा त्रास होतो' हे औषध द्यायचं कारण नव्हे. लक्ष ठेवायचं ते सोबत येणाऱ्या गोष्टींवर: अतिचंचलपणा, एकाग्रतेची अडचण, पुन्हापुन्हा हात धुणं, तपासणं, फार भीती. कित्येकदा मुलाला टिक्सपेक्षा त्यांचाच जास्त त्रास असतो. आणि रात्रीतून अचानक वागणं पार बदललं, आवाजाच्या वेळी भान हरपलं, किंवा मान-हात झटकून दुखापत व्हायला लागली, तर थांबू नका, बालमेंदूविकारतज्ज्ञ किंवा बालमनोविकारतज्ज्ञांना दाखवा. जवळ कुणी सापडत नसेल तर टेली मानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीत बोलता येतं, ते पुढचा रस्ता सांगतात.

स्पष्टवक्ता, मोबाइलने टिक्स होत नाहीत. मॅच बघताना वाढतात ते उत्तेजनेमुळे, आणि मॅच मैदानावर बघितली तरी वाढतील. झोप पुरी व्हावी म्हणून रात्री स्क्रीन बंद करा, त्याला माझंही अनुमोदन.

मडगावकर

मी चव्वेचाळीस वर्षांचा. टिक्स अजून आहेत: घसा, आणि खांदा उडतो. हिशेबनीस म्हणून नोकरी करतो, गावच्या देवळात भजनाला पखवाज वाजवतो. हात पखवाजावर असले की घसा गप्प. आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत पुन्हा सुरू.

ताई, एक गोष्ट मुलाच्या बाजूने सांगतो. माझी आई रोज रात्री विचारायची, "आज कमी होतं ना रे?" मायेनेच. मी 'होय' म्हणायचो आणि दुसऱ्या दिवशी ते खरं करायला शाळेत दिवसभर दाबून धरायचो. घरी आलो की तासभर सुटायचं. मग आई म्हणायची, बाहेर बरा असतो, घरीच करतो. शाळेत नाही, घरी जास्त, असं दिसलं तर त्याचा अर्थ घरच्यांना त्रास द्यायला करतो असा घेऊ नका. घरी दाबावं लागत नाही म्हणून सुटतं.

बाबांनी मात्र मला कुठे न्यायचं टाळलं नाही. जत्रेतलं नाटक असलं की कडेची खुर्ची धरायचे, मी कडेला आणि ते माझ्या बाजूला. कुणी वळून बघितलं तर ते त्या माणसाकडे असे बघायचे की तो पुढच्या अंकापर्यंत वळत नसे!

कृष्णाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. पापणीचा प्रयोग ह्यांना करायला लावला, सतराच्या जागी तेराचा पाढा सांगितला. तेरा सक्काला डोळे चोळत उठले. काही बोलले नाहीत, पण रात्री जेवताना 'हुं' आला तेव्हा त्यांनी स्वतःहून त्याला विचारलं, आज डबा कुणी खाल्ला. सासरे अजून आतच जेवतात, बघू. सासूबाई चुकचुक ऐकली की हात मांडीखाली दाबतात, ते बघून मलाच हसू आवरावं लागतं.

वर्गशिक्षिकेला भेटले. चिठ्ठी वाचून म्हणाल्या, "आधी सांगायचं ना!" बाक बदललाय, भिंतीकडेचा तिसरा. डायरीतल्या शेऱ्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, मीही विषय काढला नाही.

आता दोन अडचणी. धाकटी चार वर्षांची, ती त्याची हुबेहूब नक्कल करते. आणि शाळेच्या रिक्षात मोठी मुलं त्याला 'हुंहुं' म्हणून हाक मारतात. काल रिक्षात बसायलाच तयार नव्हता.

ओंजळ

धाकटीची नक्कल या वयात अगदी स्वाभाविक. दादाला जो नियम, तोच तिला: आवाजाला उत्तर नाही. सहसा कंटाळून सोडते. तिला रागावलात तर दादाला कळेल की हा रागवायचा विषय आहे. दादा आसपास नसताना, तंद्रीत असतानाही ती तसं करू लागली तर मात्र डॉक्टरांच्या कानावर घाला. टिक्स घराण्यात असू शकतात.

झेडपीच्या बाई

तेरा सक्काला उठले म्हणजे आमच्या तलाठ्यांपेक्षा एक घर पुढे गेले, सांगा त्यांना.

रिक्षाचं थेट रिक्षावाल्या काकांशी बोला. त्या मुलांच्या आयांशी नको, त्यातून सोसायटीभर चर्चा होईल. पोराला आठवडाभर काकांच्या जवळच्या जागेवर बसवायला सांगा आणि मुलांच्या हजेरीचं काम द्यायला सांगा: कोण आलं, कोण राहिलं. आणि काकांनी त्याला रोज त्याच्या पूर्ण नावाने हाक मारायची. रिक्षातली पोरं आईबापांचं ऐकत नाहीत, पण काकांची भाषा उचलतात. तरी कुणी चिडवलंच तर त्याच्या तोंडी एक वाक्य घालून ठेवा: "माझ्या घशातून आपोआप येतो तो आवाज, तुझे रन किती झाले सांग." हे घरी हसत-खेळत म्हणून घ्या, चिडवणाऱ्या मुलाचं काम आजीला द्या.

काकांना सकाळी गाठू नका, तेव्हा त्यांचं डोकं घड्याळात असतं. दुपारी सोडायला येतात तेव्हा गाठा, चहा घेऊन उभ्या राहा.